अकराव्या क्रमांकाची मागणी

नाव पूर्ण लिहा, असं त्यांनी बजावलं आहे, म्हणून पहिल्याच ओळीत लिहितो: धुरपदा तात्याबा रासकर. वय छप्पन्न. माहेर राहू हे गाव, सासर आमचं गाव. आमचं गाव भीमेच्या काठी, शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या हद्दीजवळ आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात गावाचा दोष थोडा आणि माझा जास्त आहे.

वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी गावातल्या एखाद्या साध्या माणसाबद्दल लिहून द्या, असं मंडळी दोन वर्षं मागं लागली होती. मी टाळत आलो. एकतीस वर्षं ग्रामपंचायतीत लिपिक होतो. ठराव, नोटिसा, दाखले एवढंच लिहिलं. माणसाबद्दल लिहायचं म्हणजे काय गाळायचं आणि काय ठेवायचं हे मला कळत नाही. या वेळी धुरपदाबाईंना विचारलं, तुमच्याबद्दल लिहू का. त्या म्हणाल्या, "लिवा की. पर नाव पुरं लिवा. आन् जे झालं ते लिवा."

एसटीच्या थांब्याजवळ पिंपरणीचं एक झाड आहे. त्याच्या सावलीत धुरपदाबाई फुलांची पाटी घेऊन बसतात. झेंडू, शेवंती, थोडा मोगरा, आणि लग्नसराईत हार. फुलं मळ्यातून पहाटे येतात आणि बांधायला कागद रद्दीवाल्याकडून येतो. शिक्षण सातवीपर्यंत झालेलं, पण वाचायचा नाद मोठा. हातात आलेला कागद वाचल्याशिवाय त्या फुलं बांधत नाहीत. गिऱ्हाईक उभं असलं तरी डोळा एकदा कागदावरून फिरणार. त्यामुळं जगातली प्रत्येक बातमी त्यांना कळते, फक्त महिनाभर उशिरा. एकदा मला म्हणाल्या, गॅस महाग होणार आहे म्हणतात. गॅस महाग होऊन तीन आठवडे झाले होते. मी तसं सांगितलं तर म्हणाल्या, "माझी बातमी शिळी असती आप्पा, पर फुकाट असती."

मालक तात्याबा शिरूरच्या बाजूला एका कंपनीत हेल्पर म्हणून लागले आणि हळूहळू तिकडंच राहिले. तिकडं त्यांचा दुसरा संसार झाला हे सगळ्या गावाला माहीत होतं. आधी दिवाळीला येत, मग तेही थांबलं. नवं कुणी विचारलंच, मालक कुठं असतात, तर धुरपदाबाई गजरा ओवता ओवता सांगत, "कंपनीत. नाइट शिफ्ट लागली हाय, वीस वर्सं झाली, सुटतच न्हाई." ऐकणारा हसायचं की नाही या विचारात पडायचा.

मुलगी शितल. तिला त्यांनी बारावीपर्यंत शिकवलं, यवतला दिली. आणि घर बांधलं. जागा ग्रामपंचायतीनं दिलेली, तात्याबांच्या नावावर, पण भिंती धुरपदाबाईंच्या. एकेक पोतं सिमेंट आणून ठेवायच्या आणि दहा पोती झाली की गवंडी बोलवायच्या. दोन खोल्या व्हायला सहा वर्षं लागली. पत्रे घातले त्या दिवशी गावभर पेढे वाटले नाहीत. थांब्यावर त्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला एक जादा फूल दिलं.

बारा वर्षांपूर्वी गावात मोहीम निघाली की घराच्या नोंदीत नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावायचं. आमच्याकडं बायका अर्ज द्यायला लाजत होत्या. काहींचे नवरे दारात उभे राहून कशाला म्हणून विचारत होते. पहिल्या दिवशी पहिला अर्ज धुरपदाबाईंचा आला. मी रजिस्टर काढलं आणि तात्याबांच्या नावापुढं लिहिलं, व धुरपदा तात्याबा रासकर. त्यांनी रजिस्टर आपल्याकडं फिरवून घेतलं आणि बोट ठेवून वाचलं. म्हणाल्या, "त्यो 'व' लई बारीक झालाय. जरा ठसठशीत करा." मी 'व' वर परत पेन फिरवला. उताऱ्याची नक्कल त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेली, आणि ती पिशवी नंतर मी त्यांच्या घरात देवाच्या फळीवर पाहिली होती.

आता माझ्या एका सवयीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यामुळं झालं.

नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी सव्वीस जानेवारीला गावात सत्कार होते. नारळ कुणाला आधी द्यायचा याची यादी मी लिहिली. एक डॉक्टर तालुक्याहून आले होते, ते पाहुणे, म्हणून त्यांचं नाव मी बापूसाहेबांच्या वडिलांच्या आधी घातलं. बापूसाहेब म्हणजे गावातलं जुनं बागायतदार घर, सोसायटी आणि राजकारण त्यांच्याच हातात. त्यांच्या वडिलांनी डॉक्टरांचं नाव ऐकलं, काठी घेतली आणि शांतपणे उठून घरी गेले. मला कुणी एक शब्द बोललं नाही. पण आठ दिवस चावडीत मी आलो की बोलणं थांबायचं. तेव्हापासून मी कुठलीही यादी केली की नावं पेनानं आणि क्रमांक शिसपेन्सिलीनं लिहितो. म्हणजे कुणाचा मान कमी झालासा वाटला तर रबर घेऊन पटकन वर-खाली करता येतं. तीस वर्षांत याद्यांवरून पुन्हा वाद झाला नाही, आणि याचा मला अभिमान वाटायचा.

तीन वर्षांपूर्वी आमच्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. फटाके वाजले. मी निवृत्त झालो होतो, पण जुनं दप्तर माहीत असलेला माणूस हवा म्हणून मला रोजावर बोलावून घेतलं. गावसभा बंद झाली. आता सभेत निवडून आलेले सदस्यच बोलणार. घरांची नोंद नव्यानं करायला एक बाहेरची संस्था नेमली. मुलं टॅब घेऊन घरोघर फिरली. धुरपदाबाईंच्या दारात आली तेव्हा त्यांनी आपली प्लास्टिकची पिशवी आणून दाखवली. पोरगा म्हणाला, मावशी, इथं नावाला एकच रकाना आहे, कुटुंबप्रमुखाचा.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये नगरपंचायतीनं ठरवलं की हिवाळी अधिवेशनाआधी सरकारकडं कोणत्या कायद्यात काय बदल हवेत याची यादी पाठवायची. अग्रक्रमानं लावायची, ठराव करायचा आणि शिष्टमंडळानं नागपूरला नेऊन द्यायची. लोकांनीही आपल्या मागण्या कार्यालयात द्याव्यात अशी दवंडी रिक्षातून फिरली. नगराध्यक्षा अनिताताई, म्हणजे बापूसाहेबांच्या सूनबाई. यादी लिहायचं काम माझ्याकडं आलं, आणि टाइप करायला नीलम नावाची मुलगी होती.

पहिल्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधी धुरपदाबाई पायरीवर बसलेल्या. हातात वर्तमानपत्राचा एक चतकोर तुकडा, त्यावर झेंडूचे डाग. कुठल्याशा जिल्ह्यात बायकांनी अशी मागणी केल्याची बातमी होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं. घराच्या नोंदीत बायकोचं नाव लावायचं हे मोहिमेवर, साहेबाच्या मर्जीवर आणि रकान्यावर नको. कायद्यातच लिहा. म्हणजे ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, लिहिणारा माणूस बदलला, तरी नाव पुसणार नाही. मी ते नीट भाषेत लिहून काढलं, वाचून दाखवलं, तारीख घातली. पुढं क्रमांक लिहिला, १. त्यांनी तो पाहिला. जाताना माझ्या टेबलावर एक शेवंतीचं फूल ठेवून गेल्या.

दुपारनंतर सदस्य यायला लागले. सोसायटीच्या इमारतींना घरपट्टी माफ असावी ही बापूसाहेबांची मागणी. ते खुर्चीत बसले, पाणी प्यायले, माझ्या तब्येतीची चौकशी केली. यादीकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते गेल्यावर मी रबर घेतलं. बापूसाहेबांची मागणी दुसरी कशी ठेवायची, असं मनात आलं. आणि त्यांची पहिली केली तर उपनगराध्यक्षांची, मग सर्वांत जुन्या सदस्यांची. धुरपदाबाईंची चौथी झाली.

पुढच्या चार दिवसांत बाकीच्या आल्या. सगळ्या वाईट नव्हत्या. नगरपंचायत झाली म्हणून मजुरांचं रोजगार हमीचं काम बंद पडलं, ते चालू राहावं, ही फार गरजेची होती. बिबट्यानं जखमी केलेल्याला मदत देताना गाव आणि शहर असा भेद नको, हीही. पृथ्वीराज नावाच्या तरुण सदस्याची मात्र अशी होती की वाढदिवसाच्या फ्लेक्सना परवानगी द्यायचा अधिकार वॉर्डाच्या सदस्याला असावा. तीही मी वर घेतली, कारण ते सदस्य होते आणि धुरपदाबाई नव्हत्या. नीलमनं एकदा विचारलं, "आप्पा, हा आकडा चार आहे का आठ?" मी म्हणालो, थांब, अजून ठरायचंय. शेवटी यादी अकरांची झाली आणि धुरपदाबाईंची मागणी अकरावी झाली.

सभेत ठराव झाला. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. एकानंही क्रमाबद्दल तोंड उघडलं नाही. मीच लावलेला क्रम मीच वाचून दाखवला.

मग वरून निरोप आला की मंत्र्यांकडं वेळ नसतो, मागण्या एका पानात बसवा. बापूसाहेबांनी मला फोन केला. म्हणाले, सात ठेवा, कुठल्या त्या तुम्हीच बघा. तुम्हीच बघा, असं ते म्हणाले. मला त्या वेळी फ्लेक्सची मागणी काढून धुरपदाबाईंची घालता आली असती. त्याला धाडस लागत नव्हतं, रबर लागत होतं. मी पट्टी घेतली, आठ ते अकरा क्रमांकांच्या मागण्यांवर आडव्या रेघा मारल्या आणि कागद नीलमकडं दिला.

शिष्टमंडळ नागपूरहून आलं, फोटो छापून आला. दुसऱ्या दिवशी थांब्यावर धुरपदाबाईंनी विचारलं, "आप्पा, आपलं गेलं का वर?"

मी म्हणालो, "गेलं."

का म्हणालो, याचा मी खूप विचार केला आहे. समोर दोन-तीन माणसं उभी होती. बसची वेळ झाली होती. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, का नाही. त्यांनी घरी न्यायला गजरा दिला, पैसे घेतले नाहीत.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी मी कदाचित विसरलो असतो. पण त्याच आठवड्यात घरांच्या नव्या नोंदींची यादी फलकावर लागली. खाली नोटीस, कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी द्यावी. ती नोटीस मीच लिहिली आणि मीच डकवली. धुरपदाबाई फलकावरचं सगळं वाचतात. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या संध्याकाळी आमच्या दारात आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत, उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, यादीत एकट्या तात्याबांचं नाव आहे, माझ्याजवळ जुना उतारा आहे, हरकतीचा अर्ज द्यावा का?

द्यायला हवाच होता. एका कागदाचं काम होतं. जुना उतारा जोडला असता तर नाव लागलं असतं. त्या महिन्यात तसे नऊ अर्ज आले आणि नऊही मंजूर झाले. पण मला वेगळंच दिसत होतं. त्या अर्ज घेऊन कार्यालयात जाणार, टेबलापाशी सांगणार की आमची मागणी वर गेली आहे, आणि नीलम किंवा दुसरं कुणी म्हणणार, कुठली मागणी? ती गेलेली नाही. मग मी खोटं बोललो हे उघडं पडणार.

मी म्हणालो, "कायदाच होणार म्हटल्यावर हरकत कशाला देताय? आता तिथं गर्दी आहे. नंतर आपोआप लागेल."

"व्हय?" त्या म्हणाल्या. "मग न्हाई देत." आणि गेल्या.

मी मनाची समजूत घातली होती की पुढच्या वर्षी पहिली लिहीन, नोंद काय कधीही दुरुस्त होते, आणि तात्याबा वीस वर्षं आले नाहीत ते आता कशाला येतात.

तात्याबा फेब्रुवारीत आले. नव्या नोंदीचा उतारा त्यांनी कार्यालयातून काढून नेला होता, आणि रस्ता रुंद झाल्यामुळं त्या जागेवर कामगारांसाठी खोल्या बांधायला एक माणूस तयार होता. खरेदीखत करूनच ते गावात आले. धुरपदाबाईंनी घर सोडायला नकार दिला, तेव्हा मारुतीच्या मंदिरात दहा माणसं बसली. मला रजिस्टर घेऊन बोलावलं.

बापूसाहेब म्हणाले, वाचा आप्पा, घर कुणाच्या नावावर आहे.

मी पान काढलं. धुरपदाबाई खांबाजवळ बसल्या होत्या, मांडीवर ती प्लास्टिकची पिशवी. मी वाचलं, तात्याबा, त्यांच्या वडिलांचं नाव, रासकर. आणि थांबलो, कारण पुढं काही नव्हतं.

"म्होरं वाचा की," धुरपदाबाई म्हणाल्या.

"एवढंच आहे," मी म्हणालो.

त्यांनी पिशवीतून जुना उतारा काढून दिला. तो हातोहात फिरला. बापूसाहेबांनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, हे बरोबर आहे, पण ही ग्रामपंचायत होती, आता तिचं दप्तर चालत नाही, आणि मुदतीत हरकत का दिली नाही? त्यांचा आवाज चढा नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. धुरपदाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर मी कदाचित तिथंच सगळं सांगितलं असतं. त्या म्हणाल्या, "ऱ्हायलं."

मी रजिस्टर मिटलं.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी त्यांनी घर सोडलं. शितल आणि जावई टेम्पो घेऊन आले होते. वकिलानं सांगितलं की जुन्या उताऱ्यावर दावा करता येईल. तो केला आहे आणि त्याच्या तारखा पडतात, पण भिंती आता उभ्या नाहीत. धुरपदाबाई यवतला लेकीकडं राहायला गेल्या. आठवडाभरानं पुन्हा सकाळच्या एसटीनं आमच्या गावात आल्या आणि पिंपरणीखाली बसल्या. गिऱ्हाईक सगळं इथंच, म्हणाल्या.

मी रोज फुलं घेत राहिलो. न घ्यावीत तर लोक विचारतील, म्हणून. मी पैसे ठेवायचो, त्या पुडा द्यायच्या. यवतला कसं वाटतं, असं विचारायचं मी रोज ठरवायचो.

एप्रिलच्या शेवटी कार्यालयात साफसफाई झाली आणि वर्षाचे बाद कागद रद्दीत गेले. त्यानंतर एका सकाळी फुलांचा पुडा मी नेहमीप्रमाणं घरी आणून देवघरात ठेवला. बायकोनं दोरा सोडला आणि म्हणाली, "अहो, यावर तुमचंच अक्षर दिसतंय."

मी कागद हातात घेतला. गेल्या वर्षीची मागण्यांची यादी होती, माझी कच्ची. फुलांच्या ओलीनं शाई जरा फुटली होती, पण पेन्सिल पाण्यानं जात नाही. धुरपदाबाईंच्या मागणीपुढं खोडलेला एक दिसत होता, त्यावर खोडलेला चार, मग आठ, मग अकरा. आणि मागणीवरून पट्टीनं मारलेली आडवी रेघ.

"जुना कागद असेल," मी बायकोला म्हणालो.

तो पुडा त्यांनी मुद्दाम त्या कागदात बांधला की हाताला आला म्हणून, हे मला कळेना. वाचल्याशिवाय त्या बांधत नाहीत, हे मात्र मला माहीत होतं. त्यानंतर सहा महिने मी थांब्याकडं गेलो नाही. कार्यालयात जायला शाळेमागचा रस्ता धरला, तो दुप्पट लांब आहे. गुडघ्याला चालणं चांगलं, असं घरी सांगितलं. फुलं बायको आणायची.

या ऑक्टोबरमध्ये पुन्हा दवंडी फिरली. पहिल्या दिवशी मी कार्यालयात गेलो तर धुरपदाबाई पायरीवर. यवतहून पहिल्या एसटीनं आलेल्या. आत आल्या, समोरच्या बाकावर बसल्या.

"यादी घेताय नव्हं? मग लिवा," त्या म्हणाल्या. "तीच."

मी म्हणालो, "पण धुरपदाबाई, घर तर..."

"घर गेलं. मागणी कुठं गेली? शितलचं घर जावयाच्या एकट्याच्या नावावर हाय. उद्या यवतचीबी नगरपंचायत व्हईल, तवा कोण बघणार?"

मला वाटतं त्या वेळी मी पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट पाहिलं. मी सांगितलं, गेल्या वर्षी तुमची मागणी गेली नव्हती.

"ठाव हाय," त्या म्हणाल्या. "रद्दीत आला कागूद. एकाची चार, चाराची आठ. रबरानं खोडलं तरी दाबून लिवलेलं दिसतं." मग त्यांनी विचारलं, "बापूसाहेबांनी सांगितलं व्हतं का, खाली घ्या म्हून?"

"नाही."

"मग कुणी?"

"कुणीच नाही," मी म्हणालो. "मीच घेतली."

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "मला वाटलं, कुणीतरी दम दिला आसंल," त्या म्हणाल्या. "नोकरीचं माणूस, करणार काय, आसं मी शितललाबी सांगितलं."

माझ्यासाठी त्यांनी मनानंच एक कारण शोधून ठेवलं होतं आणि सहा महिने ते सांभाळलं होतं. ते मी त्यांच्यासमोर मोडलं.

"नंबरचं मला काय न्हाई, आप्पा," त्या पुढं म्हणाल्या. "बापूसाहेब आले की मीबी पाटी आवरून बाजूला सरकते. आपल्या अंगातच हाय ते. पर हरकत देऊ का म्हून मी तुमच्या दारात उभी ऱ्हायले व्हते. एक कागूद व्हता."

माफ करा असं मी म्हणालो असेन. म्हणालो की नुसते ओठ हलले, मला आठवत नाही. मी कागद ओढला आणि सवयीनं पेन्सिल उचलली. "पेनानं," त्या म्हणाल्या. मी पेनानं १ लिहिला. त्यांनी वाचलं आणि नऊच्या आत पाटी लावायची म्हणून निघून गेल्या.

या वर्षी मी सगळे क्रमांक पेनानं घातले, मागणी ज्या दिवशी आली त्या क्रमानं. यादी बापूसाहेबांपुढं नेली. त्यांनी पहिली मागणी वाचली आणि विचारलं, ही वर कशी?

मी म्हणालो, "तारखेनं लावल्यात."

त्यांनी पुढच्या दोन-तीन वाचल्या, मान हलवली आणि कागद परत दिला. "बरं केलंत," ते म्हणाले. "आम्हाला काय, तुम्ही लावाल तो क्रम. मागल्या साली असंच का नाही लावलं?"

एवढंच होतं. एक शब्द, तारखेनं. चौतीस वर्षांपूर्वी एक म्हातारा माणूस सभेतून उठून गेला म्हणून मी ज्याला भीत आलो, ते एवढंच होतं. कुणी रागावलं असतं, मला काढून टाकलं असतं, तर निदान मला थोडं बरं वाटलं असतं. तेही झालं नाही.

यादी गेली. एका पानात, पहिल्या क्रमांकावर धुरपदाबाईंची मागणी घेऊन. तिचं पुढं काय होईल ते मला माहीत नाही. कायदे असे एका अधिवेशनात होत नाहीत एवढं मी दप्तरात राहून शिकलो आहे. त्या विचारतात तेव्हा मी सांगतो, गेली आहे, पोचल्याची पावती आहे, पुढचं ठाऊक नाही. पावतीची नक्कल त्यांना दिली. ती त्यांनी वाचून घडी घातली.

आता मी पुन्हा थांब्याच्या रस्त्यानं जातो. सकाळी पिंपरणीखाली उभा राहतो, त्या झेंडू मोजून देतात, कधी यवतच्या गर्दीबद्दल बोलतात, कधी महिन्याभरापूर्वीची बातमी सांगतात. बाकीच्या गिऱ्हाइकांना कागदात पुडा बांधून देतात. मला मात्र त्या पिशवी पुढं करायला सांगतात आणि फुलं तशीच सुटी आत टाकतात. कागद का नाही, हे मी विचारलेलं नाही.